टपालानं पाठवायची गोष्ट

इंग्लंडमध्ये पन्नाशी गाठली की सरकारकडून आधी एक पत्र येतं आणि मागोमाग एक चपटं पाकीट. पत्रात लिहिलेलं असतं की थोड्या दिवसांत तुमच्याकडे एक किट येईल. पाकिटात असते बोटाएवढी प्लास्टिकची बाटली, चित्रांसकट माहितीपत्रक आणि पोस्टाचे पैसे आधीच भरलेलं परतीचं पाकीट. त्या बाटलीत आपल्या शौचाचा नमुना भरायचा, वर तारीख लिहायची आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून यायचं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ही घरबसल्या करायची चाचणी. तिचं नाव एफआयटी, सगळे फिटच म्हणतात. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, दर दोन वर्षांनी ती पाठवते, चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत, एक पैसाही न घेता.

कृती अगदी सोपी आहे. नमुना कमोडमधल्या पाण्याला लागता कामा नये, म्हणून तो आधी कशात तरी झेलायचा. माहितीपत्रकात स्वच्छ रिकामा डबा किंवा टॉयलेट पेपरची जाड घडी सुचवलेली असते. आमच्याकडे आइस्क्रीमचे रिकामे डबे कधीच टाकले जात नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. बाटलीच्या झाकणालाच एक काडी असते, तिच्या टोकाला खाचा. त्या खाचा भरतील इतकंच खरवडून घ्यायचं, काडी परत बाटलीत खुपसायची, ‘टक्’ असा आवाज आला की काम झालं. जास्त भरून उपयोग नसतो, जास्तीचं आत जाताना निपटून निघतं. हात धुवायचे, तारीख घालायची. एवढ्यासाठी लाखो माणसं ते पाकीट महिनोन्‌महिने कपाटात ठेवून देतात.

आमच्या घरातलं दुसरं पाकीट असंच बाथरूमच्या फळीवर, दाढीच्या सामानामागे उभं होतं. ह्यांचं. मी रोज बघायची, तेही बघायचे, आणि दोघंही काही बोलायचो नाही. शेवटी मीच विषय काढला.

“अहो, ते किट?”

“अगं, मला काही होत नाहीये. कशाला उगाच उकरून काढायचं?”

उकरून काढायचं हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता, पण मला हसू आलं आणि ते चिडले. काही होत नसतं तेव्हाच ही चाचणी करायची असते, हे मी सांगितलं. रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर पाकिटाची वाट बघत बसायचं नसतं, सरळ डॉक्टरकडे जायचं असतं. त्यांना ते पटलंही. तरी पाकीट तिथंच राहिलं.

खरं तर पोटाबद्दल बोलायला आपण कधी लाजत नाही. साताऱ्याला माझ्या माहेरी सकाळचा पहिला चहा ‘झालं का साफ?’ या प्रश्नाबरोबर घेतला जायचा. त्रिफळा, एरंडेल, कोमट पाण्यातलं तूप, आदल्या रात्रीचं पेरू खाणं, सगळ्यावर जाहीर चर्चा. पाहुण्यांसमोरसुद्धा. पण ही सगळी चर्चा झालं की नाही झालं एवढ्यापुरती. काय झालं, कसं झालं, कुठल्या रंगाचं झालं, हे बघायचं नाही. बघितलंच तर आईनं तान्ह्या मुलाचं बघायचं, बाकी कुणी कुणाचं नाही आणि स्वतःचं तर नाहीच. युरोपात जर्मनीत नि हॉलंडमध्ये जुन्या घरांतून अजून अशी कमोड दिसतात की ज्यांच्या आत एक सपाट पायरी असते. सगळं आधी त्या पायरीवर जमा होतं आणि पाणी ओढल्यावरच जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली होती. आता वाटतं, त्या लोकांनी सोय बघितली होती. हॉलंडमध्ये २०१४ साली ही चाचणी राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली आणि बोलावलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांनी ती केली. पायरीचा आणि सत्तर टक्क्यांचा संबंध मी जोडत नाही, पण आठवण झाली.

आपली किळस मात्र नुसती नाकाची नाही. पाटीच्या संडासांची आठवण असलेली पिढी अजून आहे. घराच्या मागच्या बाजूला एक छोटं दार, त्यातून कुणीतरी येऊन पाटी भरून घेऊन जायचं, डोक्यावरून. ते कुणीतरी कोण, हे जातीनं ठरलेलं. त्याच्याकडे बघायचं नाही, त्यानं आपल्याला शिवायचं नाही. शौचाला पाठ फिरवून निघून जाण्याची आपली सोय दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर उभी होती. कोकणातल्या आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करायचं काम मागून घेतलं, तर ते त्यांना नाकारलं गेलं, कारण ते काम त्यांच्या जातीचं नव्हतं. त्यासाठी त्यांनी उपोषण केलं आणि येरवड्यात गांधींनीही त्यांच्यासाठी उपोषण धरलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब मैल्याचं खत करणारे संडास बांधत राहिले. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध आपल्या देशात १९९३ ला कायदा झाला आणि पुन्हा २०१३ ला करावा लागला, यावरून पहिल्याचं काय झालं ते समजावं. स्वतःच्या शौचाला एक प्लास्टिकची काडी लावायची म्हटल्यावर माझा हात आखडला, तेव्हा त्या आखडण्यात माझं स्वतःचं किती आणि मागून आलेलं किती, असा विचार मनात येऊन गेला. उत्तर फार सुखावणारं नव्हतं.

आमच्या कॉव्हेंट्री शहरात एक काकू आहेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापूरकडून नर्सिंग शिकायला आल्या, इथंच राहिल्या, इथंच निवृत्त झाल्या. मंडळाच्या गणपतीत त्या मोदकांच्या पातेल्याशेजारी बसून मोठ्यांदा ‘फिट केलीस का गं?’ असं विचारतात आणि आजूबाजूच्या बायका पदर सावरतात. एकदा मी त्यांना विचारलं, “काकू, तुम्हाला कसं काही वाटत नाही?”

“अगं, पहिल्या वर्षी आम्हाला बाकी काय काम होतं? रात्रपाळीला बेडपॅन न्यायची, स्लूस रूममध्ये ओतायच्या आधी झाकण काढून बघायचं. सिस्टरनं दटावून शिकवलं होतं, आधी बघायचं मग ओतायचं. काळं आहे का, रक्त आहे का, चिकट आहे का, चार्टावर लिहायचं. घरी पत्रात लिहायची, पेशंटला औषधं देते. माझ्या आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं मी काय उचलते ते. कळलं असतं तर घरात घेतलं नसतं.”

हे सगळं त्या हसत सांगतात.

काकूंच्या बेडपॅनपासून माझ्या बाटलीपर्यंतचा प्रवास मोठा मजेदार आहे. डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचात शोधायची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. ग्वायकम नावाचं कॅरिबियन बेटांकडचं एक झाड आहे. त्याच्या राळेवर रक्ताचा अंश आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं की ती निळी होते. अमेरिकेत ओहायोमध्ये डेव्हिड ग्रीगर नावाच्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये या राळेत भिजवलेल्या कागदाची कार्डं रुग्णांना घरी दिली. घरी नमुना लावा, कार्ड मिटा, आणून द्या. म्हणजे संडास घरचा आणि प्रयोगशाळा दवाखान्याची, ही वाटणी तेव्हापासूनची. अनेक डॉक्टरांना ते पोरकट वाटलं असणार. पण पुढे मिनेसोटात ४६ हजारांवर माणसांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला आणि १९९३ साली निष्कर्ष आले. जो गट दरवर्षी ही कार्डं भरत होता, त्याच्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं होणारे मृत्यू तेरा वर्षांत तेहेतीस टक्क्यांनी कमी झाले होते. कागदाचा तुकडा आणि झाडाची राळ. पाठोपाठ इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमध्ये फ्यून इथले अभ्यास १९९६ ला आले. तिथं दोन वर्षांतून एकदाच चाचणी होती, फायदा कमी दिसला, पण दिसला.

या कार्डांची अडचण अशी की त्यांना माणसाचं रक्त आणि बोकडाचं रक्त यांतला फरक कळत नसे. त्यामुळे आधी काही दिवस मटण खाऊ नका, मुळा नि शलगम खाऊ नका, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेऊ नका, अशी पथ्यं. मुळ्यातलं एक विकरसुद्धा त्या राळेला निळं करतं. शिवाय तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लावायचे. म्हणजे तीनदा झेलायचं, तीनदा लावायचं आणि ते कार्ड तोवर घरात कुठं ठेवायचं, याचा विचार करायचा. नवी फिट चाचणी हे सगळं टाळते. तिच्यात अँटिबॉडी असतात, त्या फक्त माणसाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनाला चिकटतात. पालक खा, मुळा खा, कोल्हापुरी तांबडा रस्सा खा, तिला काही देणंघेणं नाही. आणखी एक गंमत म्हणजे जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव झाला तर ते ग्लोबिन खाली येईपर्यंत पचून जातं. त्यामुळे ही चाचणी बहुतांशी मोठ्या आतड्यापुरतंच बोलते. जपाननं अशा चाचणीवर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम १९९२ मध्येच सुरू केला होता. इंग्लंडनं २००६ मध्ये सुरुवात केली ती राळेच्या कार्डांनी, आणि फिट आली २०१९ च्या जूनमध्ये. त्याआधी फिट मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिली तेव्हा चाचणी करणाऱ्यांचं प्रमाण ५९ वरून ६६ टक्क्यांवर गेलं होतं. वैद्यकशास्त्र तेच, आजार तोच. तीन नमुन्यांऐवजी एक नमुना एवढाच काय तो लोकांच्या दृष्टीनं बदल. किळस तीन दिवस सोसायची की एक दिवस, यावर माणसं जगली-मेली, असं मी म्हणते तेव्हा ह्यांना ते नाटकी वाटतं. मला वाटत नाही.

आमच्या कॉव्हेंट्रीला या कहाणीत एक मान आहे आणि त्याच्या जोडीला एक डाग. देशभर कार्यक्रम सुरू करण्याआधीची इंग्लंडमधली चाचपणी २००० सालापासून कॉव्हेंट्री आणि वॉरिकशायरमध्ये झाली. आजही आमची पाकिटं जातात ती जवळच्या रग्बी गावातल्या केंद्रात, तो खेळ ज्या गावाच्या नावानं ओळखला जातो तिथंच. त्या चाचपणीच्या पहिल्या फेरीत बिगरआशियाई लोकांपैकी साठ टक्क्यांवर लोकांनी नमुने पाठवले. भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडून आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशांनी. भाषेचं कारण सांगितलं गेलं, ते असेलही. पण आमच्यातली इंग्रजी फाडफाड बोलणारी, घराचं कर्ज फेडलेली, मुलांना वैद्यकीला घातलेली माणसंही पाकीट फळीवर ठेवतात, तेव्हा निदान आमच्या घरापुरतं तरी भाषेचं कारण मला पुरेसं वाटत नाही. आपल्याकडच्या लोकांत हा कर्करोग गोऱ्यांच्या मानानं कमी होतो, असंही मंडळातले काही जण छातीठोकपणे सांगतात. ते खरं आहे. कमी होतो म्हणजे होत नाही असं मात्र नाही.

बीबीसीवर संध्याकाळच्या बातम्या देणारे जॉर्ज अलगाया आठवतात? श्रीलंकेत जन्मलेले, तमिळ घरातले. घरात टीव्ही लावला की आपल्यातलाच कुणी बातम्या देतोय असं वाटायचं. २०१४ मध्ये त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, चौथ्या टप्प्यात, म्हणजे शरीरात इतरत्र पसरल्यावर. वय अठ्ठावन्न. तेव्हा इंग्लंडमध्ये ही चाचणी साठीला सुरू व्हायची आणि स्कॉटलंडमध्ये मात्र पन्नाशीला. आपण स्कॉटलंडमध्ये राहत असतो तर हे आधीच सापडलं असतं, या अर्थाचं ते पुढे जाहीरपणे बोलले. २०१८ मध्ये इंग्लंडनं वय पन्नासवर आणायचं ठरवलं, प्रत्यक्ष सुरुवात २०२१ ला झाली आणि टप्प्याटप्प्यानं करत २०२५ उजाडलं. अलगाया २०२३ च्या जुलैमध्ये गेले. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. चौथ्या टप्प्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास येतं. मधल्या काळात रोग काही बोलत नाही, हीच त्याची खोड.

वयाची रेघ सरकारनं ओढलेली असते हे आपल्याला दिसतं. आकड्याची रेघही सरकारनंच ओढलेली असते, हे मला बरंच नंतर कळलं. फिटचा निकाल मुळात ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसतोच. यंत्र एक संख्या देतं, एका ग्रॅम शौचात किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन. कुठल्या संख्येपुढे माणसाला कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बीण घालून मोठं आतडं आतून तपासायला, बोलवायचं, हे देश ठरवतो. २०१९ मध्ये इंग्लंडनं १२० धरले. स्कॉटलंडनं त्याआधीच ८० धरले होते. म्हणजे तेव्हा सरहद्दीच्या अलीकडे कार्लाइलमध्ये राहणाऱ्या बाईचा आकडा १०० आला, तर तिला ‘पुढच्या तपासणीची गरज नाही’ असं पत्र, आणि पलीकडे ग्रेटनातल्या तिच्या बहिणीला त्याच आकड्यावर बोलावणं. डच लोकांनी सुरुवात १५ वर केली, बोलावणी अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाली, डॉक्टर पुरेनात, तेव्हा त्याच वर्षी आकडा ४७ वर नेला. आणि हीच बाटली लक्षणं असलेल्या माणसाला त्याच्या जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं दिली, तर इंग्लंडमध्येच १० हा आकडा पुढच्या तपासणीला पुरेसा असतो. आतडं तेच असतं. कोलोनोस्कोपी करणारे हात किती आहेत, यावर रेघ सरकते. मला यात फसवणूक वाटत नाही. आहे त्या डॉक्टरांत जास्तीत जास्त माणसांना वाचवायचं गणित कुणीतरी मांडायलाच हवं. पण ‘गरज नाही’ या पत्राचा अर्थ ‘काही नाही’ असा घेऊन जे निर्धास्त होतात, त्यांना हे कुणी तरी सांगायला हवं. पत्रातही ते असतं, खालच्या परिच्छेदात, जिथवर आपण वाचत नाही.

या चाचणीची ताकद किती, हेही स्वच्छ सांगितलेलं बरं. अमेरिकेत दहा हजारांच्या जवळपास लोकांवर झालेला मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात, इंग्लंडपेक्षा पुष्कळ खालचा आकडा धरूनसुद्धा, एका फिटनं ७४ टक्के कर्करोग पकडले. म्हणजे चारातला एक निसटला. पुढे कर्करोग होऊ शकणारे मोठे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेले कोंब, फक्त २४ टक्के सापडले. ते रोज रक्त टाकत नाहीत, आज टाकतील, पुढचे चार दिवस नाही. म्हणूनच ही चाचणी एकदा करून सोडायची नसते. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात बाटली पाचदा दारात येते. एकदा निसटलं तर पुढच्या खेपेला धरता येतं. स्पेनमध्ये ५७ हजार लोकांपैकी निम्म्यांना एकदाच कोलोनोस्कोपीचं आमंत्रण दिलं आणि निम्म्यांना दर दोन वर्षांनी फिटचं. दहा वर्षांनंतर, २०२५ मध्ये निकाल आले, तर मृत्यूंच्या बाबतीत फिट मागे पडली नव्हती. कोलोनोस्कोपी चाचणी म्हणून कितीतरी सरस, पण तिला लोक आले ३२ टक्के, फिटला ४०.

मला बोलावणं आलं. शंभरातल्या दोघांना येतं, त्या दोघांतली मी. पत्रात ‘पुढच्या तपासणीची गरज आहे’ एवढंच, आकडा नाही. आधी एका स्पेशालिस्ट नर्सशी बोलणं झालं, तिनं शांतपणे सगळं विचारलं, औषधं कुठली, आजार कुठले, घरी न्यायला कुणी आहे का. बोलावलेल्यांपैकी बहुतेकांना कर्करोग नसतो, बऱ्याच जणांचे पॉलिप निघतात आणि ते तिथल्या तिथं काढून टाकता येतात, असं तिनं सांगितलं. मी ते नीट ऐकलं आणि रात्री जागी राहिले. साताऱ्याला कुणाला सांगितलं नाही. दादाला सांगितलं असतं तर त्यानं वहिनीला सांगितलं असतं आणि वहिनीनं देवाला. ह्यांना मात्र सगळं माहीत होतं, आणि त्या आठवड्यांत ते भांडी न सांगता घासायचे, त्यावरून त्यांची अवस्था मला समजत होती.

आदल्या दिवशी भाज्या, डाळी, कोंडा बंद. पांढरा भात, पांढरा ब्रेड. मग ती पावडर पाण्यात कालवून प्यायची. चव लिंबाची म्हणून देतात, लिंबानं बदनामीचा दावा लावावा अशी. त्यानंतरच्या रात्रीचं वर्णन करत नाही. तपासणीच्या वेळी नर्सनं गॅस हवा की इंजेक्शन विचारलं. मी गॅस घेतला, कारण मला पडद्यावर बघायचं होतं. स्वतःचं आतडं आतून बघितलं. गुलाबी, ओलसर, वळणावळणाचं, अपेक्षेपेक्षा देखणं. जन्मभर ज्याच्याबद्दल तक्रारीच केल्या, त्याचं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं. आत काही निघालं नाही. बाहेरच्या तोंडाशी मूळव्याध होती, रक्त तिचंच असावं असं डॉक्टर म्हणाले. मूळव्याधीचं रक्तही त्या अँटिबॉडीला माणसाचंच दिसणार, तिचा काय दोष. आठवडाभरानं मी बाथरूमची फळी आवरायला घेतली तर दाढीच्या सामानामागे पाकीट नव्हतं. मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. पुढे त्यांचं निकालाचं पत्र टेबलावर उघडं ठेवलेलं मिळालं, मी वाचावं म्हणूनच ठेवलेलं. गरज नाही, असं होतं त्यात.

दादाला सगळं झाल्यावर सांगितलं. तो म्हणाला, “एवढ्यासाठी दुर्बीण घातली? मूळव्याध तर मलाही आहे.” इथंच माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे रक्त दिसलं की उत्तर आधीच तयार असतं. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर, विजेच्या खांबावर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन’ रंगवलेलं असतं. माणसं तिथून लेप आणतात, पुडी आणतात आणि वर्षभर अंगावर काढतात. बहुतेकांची खरोखर मूळव्याधच असते, म्हणून तर उरलेल्यांचा घात होतो. दादाचं रक्त कमी भरत होतं हे वहिनीनं दुसऱ्या फोनवर सांगितलं. पुरुषाच्या अंगात साठीनंतर लोह कमी का झालं, हा प्रश्न लोहाच्या गोळ्यांनी सुटत नाही. त्याला घरची चाचणी नको, नमुन्याची बाटली नको, सरळ पोटाच्या डॉक्टरकडे जा, असं मी बजावलं. गेला, कटकट करत गेला. जठरात व्रण निघाला, सांधेदुखीच्या गोळ्यांचा. माझ्या फिटला तो बहुधा दिसलाही नसता.

भारतात असा टपालाचा कार्यक्रम नाही, आणि सध्या तो असावाच असा माझा हट्टही नाही. एवढ्या मोठ्या देशात या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला ७० हजारांच्या आसपास, आणि ब्रिटनसारख्या चिमुकल्या देशात ४४ हजार. सरकारी तपासणी तिशीपासून तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आहे. आपल्याकडची तंबाखू बघता क्रम बरोबरच आहे. शिवाय हुकवर्म, आमांश, मूळव्याध या सगळ्यांचं रक्त बाटलीत येणार आणि कोलोनोस्कोपीच्या रांगा लागणार. उन्हाचाही प्रश्न आहे. इटलीत फ्लोरेन्सकडे असं दिसून आलं की उन्हाळ्यात बाटलीतलं हिमोग्लोबिन विरत जातं आणि चाचणी कमी पकडते. इटलीच्या उन्हाळ्यात ही गत, तर मे महिन्यात चंद्रपूरहून नागपूरला निघालेल्या कुरियरच्या पिशवीत काय शिल्लक राहील? मात्र ज्याच्या वडिलांना किंवा बहिणीला हा रोग झालेला आहे, त्यानं सरकारी कार्यक्रमाची वाट बघू नये. त्याला फिटही पुरेशी नाही, त्यानं डॉक्टरला विचारून कोलोनोस्कोपीचंच बघावं.

न्यू जर्सीतल्या भाच्याला पंचेचाळिशीतच विचारणा झाली. अमेरिकेनं २०२१ मध्ये वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं, कारण तिथं तरुणांमध्ये हा रोग वाढतोय. त्याच्याकडे आला तो कोलोगार्डचा मोठा खोका, ज्याचं बोलकं कार्टून तिथं टीव्हीवर जाहिरात करतं. त्यात काडीवर भागत नाही, आख्खं शौच एका डब्यात झेलायचं, वर औषधी पाणी ओतायचं आणि खोका कुरियरनं परत. ती चाचणी रक्ताबरोबर पेशींमधले डीएनएचे बदलही शोधते. मघाच्या त्याच २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात तिनं ९२ टक्के कर्करोग पकडले. बदल्यात काही नसलेल्या माणसांनाही तिनं फिटपेक्षा जास्त वेळा घाबरवलं. किंमत पाचशे डॉलरच्या वर, फिट त्या मानानं किरकोळ. “मामी, कुरियरवाल्यानं खोका बघितला आणि लगेच ओळखलं,” असं तो सांगत होता. तिथल्या कुरियरवाल्यांना त्याचं काही वाटत नसावं, दिवसाला किती नेत असतील.

काकू आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्या वयाला इंग्लंडमध्ये पाकीट आपणहून यायचं थांबतं, पण हेल्पलाइनला फोन करून दर दोन वर्षांनी मागवता येतं. हे फार थोड्यांना माहीत आहे. काकूंनी फोन केला, पाकीट आलं आणि लेबलवर तारीख लिहायला मला बोलावलं, कारण मागच्या खेपेला तारीख वाचता न आल्यामुळे त्यांना पुन्हा सगळं करावं लागलं होतं. मी विचारलं, “काकू, समजा बोलावलं, तर या वयात ती पावडर पिऊन कोलोनोस्कोपी करून घेणार का तुम्ही?” विचारायला नको होतं की काय असं क्षणभर वाटलं. या वयात आतड्यापेक्षा हृदय आणि मूत्रपिंडं त्या तपासणीला किती झेपतील हा प्रश्न मोठा असतो, आणि फायदा मिळायला जेवढी वर्षं लागतात तेवढी हाताशी असतील असंही नाही. नर्स म्हणून त्यांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

“ते त्या वेळी बघू गं. नाही म्हणायचा हक्क माझा आहे, पण कशाला नाही म्हणते ते तरी मला कळू दे,” त्या म्हणाल्या आणि लेबल माझ्यापुढे सरकवलं. त्या दिवशी शुक्रवार होता. आज भरायचं नाही, शनिवार-रविवार पेटीत पडून राहतं, सोमवारी सकाळीच करून दहाच्या आत टाकायचं, असा त्यांचा हिशेब. मी सोमवारची तारीख घातली.

“आणि सोमवारी नाही झालं तर?”

“रविवारी रात्री दोन चमचे इसबगोल घेते ना,” काकू म्हणाल्या. “तू तारखेतला आकडा नीट काढ.”